गादीवर रेनकोटचं कापड

मी सोफे बनवतो. डोंबिवली पूर्वेला माझा एक गाळा आहे. त्यात शिलाई मशीन, एक लांब टेबल आणि छतापर्यंत रचलेला फोम, एवढंच. तीस वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाईक सोफ्याचं कापड बघतं, मी आतलं बघतो. घरातला जाड माणूस कुठल्या बाजूला बसतो, पोरं कुठे उड्या मारतात, टीव्ही बघताना कोण आडवं होतं, हे सगळं शिवण उसवली की कळतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माझं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला आणि त्याच्याबरोबर लघवीवरचा ताबाही गेला. कॅन्सरबद्दल लोक मला अजून विचारतात. दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी विचारत नाही, आणि मीही बरेच महिने कोणाला सांगितलं नाही. ज्यांच्या घरात हे चालू असेल त्यांच्यासाठी लिहितोय. औषधपाण्याचं मला कळत नाही. गाद्या आणि सोफे कळतात.

*

रिपोर्ट घ्यायला मी आणि माझा मुलगा ओंकार ठाण्याला गेलेलो. ओंकार सव्वीस वर्षांचा, एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात आहे. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्याला वाटलं, दुपारपर्यंत मोकळे होऊ.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच काढला, पण त्यानंतर ते जे बोलले त्यातलं मला काहीही आठवत नाही. मी त्यांच्या खुर्चीकडे बघत होतो. उजव्या हाताजवळचं रेक्झिन शिवणीवर फाटलेलं, फोम एका बाजूला बसलेला. ही खुर्ची मी तासाभरात करून देईन, एवढंच डोक्यात येत होतं. ओंकार मान हलवत होता आणि फाईलवर काहीबाही लिहून घेत होता.

बाहेर पडल्यावर आम्ही रिक्षा केली नाही. चालत चालत खोपटच्या एसटी डेपोपर्यंत आलो आणि तिथल्या बाकावर बसलो. कोकणच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. आईला फोनवर सांगायचं की घरी जाऊन, असं ओंकारने विचारलं. घरी जाऊन, मी म्हटलं. मग तो म्हणाला की ऑपरेशननंतर काही महिने लघवीचा त्रास होईल असं डॉक्टरांनी सांगितलंय.

"ते बघू रे नंतर," मी म्हटलं. "आधी जीव राहू दे."

घरी पोचलो तेव्हा सुलभा, माझी बायको, एका साडीला फॉल लावत होती. ती घरीच फॉल-पिको आणि ब्लाऊजचं काम करते. सरळ रेषेत शिवायचं म्हटलं तर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. मी सांगितलं तसं तिने ऐकून घेतलं, हातातला फॉल शेवटपर्यंत शिवला, दोरा दाताने तोडला आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी घरात कोणी रडलं नाही. सगळे एकमेकांवर नजर ठेवून होते.

*

हॉस्पिटलात सहा दिवस होतो. सकाळी ताप बघायचे, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. नळी लावलेली होती आणि तिची पिशवी पलंगाला लटकवलेली. तिसऱ्या दिवसापासून ती पिशवी हातात घेऊन मला व्हरांड्यात चालायला लावायचे. समोरून दुसरा पेशंट आपली पिशवी घेऊन यायचा. आम्ही भाजी आणायला निघाल्यासारखे एकमेकांकडे बघून मान हलवायचो आणि पुढे जायचो.

तिथे लीलामावशी होत्या. वॉर्डातल्या आया, कळव्याहून यायच्या. माझ्या समोरच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना कूसही बदलता येत नव्हती. ते रोज दोनतीनदा अंथरूण ओलं करायचे. लीलामावशी त्यांना न उठवता पाच मिनिटांत सगळं कोरडं करायच्या. मी माझ्या पलंगावरून बघत बसायचो. दुसरं काम नव्हतं, आणि गादीवर काही घालणं हा माझा धंदाच आहे. गादीला रेक्झिन होतं. त्यावर साधी चादर. आणि त्या चादरीवर, कमरेच्या जागी, एक रबरी शीट आणि आडवी घडी घातलेलं सुती कापड, ज्याची दोन्ही टोकं गादीखाली घट्ट खोचलेली. ओलं झालं की तेवढंच निघायचं.

मी एकदा विचारलं की सगळी चादरच का बदलत नाही. त्या म्हणाल्या, "दादा, सगळं अंथरूण उचकटत बसलं की पेशंटला वाटतं आपण फार मोठा गुन्हा केला. एवढंसं ओढून काढलं की त्याला पण एवढंसंच वाटतं."

तेव्हा मला हे दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

*

नळी काढली त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या संडासातून बाहेर आलो आणि चार पावलांत पायजमा ओला झाला. नर्सने सांगितलं, होतं असं सुरुवातीला, पॅड लावा, व्यायाम करा. मला वाटलं, सुरुवातीला म्हणजे त्या दिवशी.

घरी आल्यावर कळलं. उठलं की गळायचं. शिंकलं, खोकलं, पिशवी उचलली की गळायचं. पॅड लावलं तरी बसताना बाजूने वाट काढायचं. पहिल्या आठवड्यातच आमच्या डबलबेडची कापसाची गादी माझ्या बाजूला ओली झाली आणि सुलभाने गरम पाणी आणि फिनेल मारून ती पुसली. मला माहीत होतं की हे चुकतंय. कापसात गेलेलं पाणी पुसून निघत नाही, आणि फिनेलचा वास त्या वासात मिसळला की तिसराच वास तयार होतो, तो पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट. पण तिला मी काय सांगणार?

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, गच्ची चौथ्याच्या वर, लिफ्ट नाही. ओंकार कामावर जायच्या आधी ती गादी खांद्यावर टाकून गच्चीत न्यायचा आणि आल्यावर खाली आणायचा. जिन्यात शेजारचे विचारायचे, पाहुणे येणारेत का. आठदहा दिवस त्याने हे केलं. मग एका रविवारी सकाळी त्याने गादी दारातच खाली टाकली.

"बाबा, दिवसभर डायपर घाला ना," तो म्हणाला. "किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

घालत होतो मी. मांड्या सोलवटल्या होत्या म्हणून त्या दिवशी काढलं होतं. पण ते मी त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही पुढे विचारलं नाही. संध्याकाळी तो एक जुनं फ्लेक्स घेऊन आला, कुठल्यातरी दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचं. दादांचा चेहरा खाली करून त्याने ते गादीवर पसरलं आणि कडा चिकटपट्टीने चिकटवल्या. पाणी आत जायचं थांबलं हे खरं. पण कूस बदलली की कडकड वाजायचं, आणि घामाने पाठ भिजून जायची. मे महिना होता. चौथ्या दिवशी मी खाली जमिनीवर सतरंजी टाकली. सुलभाने आपली उशी उचलली आणि माझ्या बाजूला येऊन आडवी झाली. मी तिला वर जा म्हणून सांगितलं, तर म्हणाली की तिला त्या फ्लेक्सच्या आवाजाने झोप येत नाही.

आणि मी बसणं सोडलं. हे कोणाच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी कामात आहे असं दाखवायचो. घरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचो, बाकी सगळीकडे उभा. दुकानात उभा. मित्राकडे गेलो तर दारातच उभा, घाईत आहे म्हणायचो. डॉक्टरांकडेसुद्धा भिंतीला टेकून उभा राहिलो. सोफे बनवणारा माणूस अडीच महिने कोणाच्या सोफ्यावर टेकला नाही.

*

नौपाड्यात एक देवधरबाई राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा तीन सीटचा सोफा मी ऑपरेशनच्या आधी दुरुस्तीला आणलेला. माप घ्यायला गेलो तेव्हाच मधल्या सीटचं कापड जरा उसवून पाहिलं होतं. फोम पिवळा पडून कडक झालेला, खालचं प्लाय फुगलेलं, आणि वास. मी सहज विचारलं, घरात मांजर आहे का? बाई थोडं थांबून हो म्हणाल्या. मी त्यांना पाच मिनिटं मांजराला शिस्त कशी लावायची ते सांगितलं होतं.

नंतर माझं आजारपण निघालं. बाईंनी एकदाही तगादा लावला नाही. पुन्हा कामाला लागल्यावर पहिलं काम मी त्यांचं केलं. नवीन प्लाय, नवीन फोम, फिकट हिरवं कापड. टेम्पोने घेऊन गेलो, टेम्पोवाल्याने सोफा वर चढवून दिला आणि तो गेला. मी उभा राहून कुशनं लावून दिली. बाईंनी चहा आणला आणि बसा म्हणाल्या. मी घाईचं कारण सांगितलं. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि ज्याने बनवला त्यानेच आधी बसून दाखवायचं, असं वर्गात सांगावं तसं सांगितलं. मी बसलो.

डोंबिवलीहून निघून दोन तास झाले होते. टेम्पोत मागे उभ्याने धक्के खाल्लेले. चहा अर्धा झाला आणि मला ठसका लागला. पुढचं मला लगेच कळलं. पॅड कधीच भरलं होतं.

मी तसाच बसून राहिलो. बाई बोलत होत्या, मी हं हं करत होतो. काय करता येईल त्याचा हिशेब मनात चालला होता. कुशनाचं फिटिंग बरोबर नाही, परत न्यायला लागेल, असं सांगायचं ठरवलं. शब्दही जुळवले. पण त्यासाठी उठायला लागणार होतं, आणि उठलो की दिसणार होतं. मग मी कप खाली ठेवला.

"बाई, माझं ऑपरेशन झालंय," मी म्हटलं. "लघवी थांबत नाही. तुमचं कुशन मी ओलं केलं."

माझी नजर जमिनीवर होती. बाई उठून आत गेल्या आणि एक जुना टॉवेल घेऊन आल्या. मी तो घेऊन पुसायला लागलो.

"घासू नका, आत जातं," त्या म्हणाल्या. "दाबून धरा. वरून वजन द्या आणि मग काढा."

हे वाक्य माणूस असंच बोलत नाही. मी वर बघितलं. बाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मांजर नाही आमच्याकडे, सावंत."

मग त्यांनी सांगितलं. आत त्यांचे यजमान होते. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. आधार दिला तर चालत होते, बसत होते. पण हॉलमधला सोफा खराब झाला, दोन पाहुणे आले आणि वासाने उठून गेले, तेव्हापासून बाईंनी त्यांना बाहेर आणणं बंद केलं. आतल्या लोखंडी खाटेवर रबर टाकलेलं, तिथेच सगळं. नवीन सोफा आला तरी ते त्यावर बसणार नव्हते. "वर्ष होऊन गेलं," बाई म्हणाल्या. "ते विचारतही नाहीत आता."

मला त्यांनी यजमानांचा एक लेंगा दिला. तो घालून, ते कुशन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी घरी आलो. रिक्षातही बसलो. आता काय राहिलं होतं?

*

त्या संध्याकाळी मी सुलभाला सगळं सांगितलं, मांजराचं धरून. ती खूप वेळ हसली आणि मग डोळे पुसले. मी म्हटलं, मी सोफेवाला आहे, तू शिवणकामवाली आहेस, आणि आपण फ्लेक्सला भिऊन जमिनीवर झोपतोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो आणि रेनकोटचं कापड घेऊन आलो. एका बाजूने सुतासारखं मऊ, दुसऱ्या बाजूला पातळ थर, त्यातून पाणी जात नाही आणि आवाजही होत नाही. मी देवधरबाईंच्या फोमवर त्याची खोळ शिवली, नेहमीसारखी, कडेला पायपिंग देऊन. छान दिसत होती. जमिनीवर ठेवून तांब्याभर पाणी ओतलं आणि मी स्वतः त्यावर बसलो. पाच मिनिटांनी खोळ काढली. फोम कडेने ओला होता. पाणी कापडातून गेलं नव्हतं, सुईच्या भोकांतून गेलं होतं. तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण माझ्या सोफ्यावर कधी कोणी तांब्या ओतला नव्हता.

भोकं बुजवायला मी शिवणीवर रबर चिकटवायचं सोल्यूशन लावून पाहिलं. ते दुसऱ्या दिवशी तडकलं. तिसऱ्या खेपेला सुलभाने कात्री माझ्या हातातून घेतली. "अहो, वर शिवण हवीच कशाला?" असं म्हणून तिने एक अखंड तुकडा फोमवर टाकला, डब्याच्या झाकणासारखा चारी बाजूंनी खाली आणला, कोपरे न कापता दुमडले आणि सगळी शिवण, चेन, जे काय ते पोटाखाली घेतलं. पुन्हा तांब्या. आता ती बसली. ओंकार कामावरून आला तेव्हा त्याची आई हॉलच्या मधोमध ओल्या कुशनावर बसलेली आणि मी हातात घड्याळ घेऊन उभा. तो दारातच थांबला. फोम कोरडा निघाला.

ओंकारने तो हाताने दाबून पाहिला, दोन्ही बाजूंनी. मग आत गेला आणि बेडवरचं फ्लेक्स ओढून काढलं, गुंडाळलं, आणि खाली रिक्षास्टँडवर कोणाला तरी देऊन आला. नंतर जेवताना त्याने मला विचारलं की मांड्यांना काही लावतोय का. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मेडिकलमधून वेगळ्या मापाचे पॅड आणले. आधीचे मोठे होत होते, म्हणून गळत होते. हे आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं, कारण आम्ही त्याबद्दल बोललोच नव्हतो.

गादीला आम्ही तशीच खोळ घातली. तिच्यावर चादर, आणि चादरीवर कमरेच्या जागी लीलामावशींच्या पद्धतीने आडवा पट्टा: वर जुन्या साडीचे थर, मध्ये टॉवेल, खाली रेनकोटचं कापड, आणि दोन्ही बाजूंना हातभर पदर, गादीखाली खोचायला. असे तीन शिवले, एक गादीवर, एक दोरीवर, एक कपाटात. तुमच्याकडे काही नसेल तर एवढं तरी करा. गादी ओली झालीच तर लगेच टॉवेल टाकून वर उभे राहा, गार पाणी थोडंसं मारा, पुन्हा दाबा, मग व्हिनेगर पाण्यात घालून टिपा. गरम पाण्याने वास बसतो. कापसाला ऊन द्या, फोमला देऊ नका, उन्हात त्याचा भुगा होतो, त्याला पंख्याखाली उभा करून वाळवा. लाकडी बेड असेल तर गादीखालचं प्लाय महिन्यातून एकदा उघडं करा, पाणी तिथे जाऊन बसतं आणि वरून काही कळत नाही. आणि दुरुस्तीवाल्याला खरं काय ते सांगा. तो नुसतं कापड बदलून देईल, आतलं तसंच राहील.

व्यायामही मी तेव्हापासून मनापासून करायला लागलो. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी शिकवलेला, आतले स्नायू आवळायचे आणि सोडायचे. कापडाला स्टेपल मारताना करतो, कोणाला दिसत नाही. ऑपरेशनला आता नऊ महिने झाले. दिवसाला पाच पॅड लागायचे, आता दोन लागतात. डॉक्टर म्हणतात अजून सुधारेल. सुधारलं तर चांगलं, नाही तर दोन पॅड.

*

देवधरबाईंकडे मी ते कुशन आणल्यावर आठ दिवसांनी गेलो. सुलभा बरोबर होती. तीनही सीटच्या खोळी आतून-बाहेरून बदलल्या, वरचं कापड चेन उघडून धुता येईल असं केलं, पाठीलाही कंबरेपर्यंत अस्तर दिलं. दोन पट्टे हिरव्याच रंगाचे शिवले होते, सोफ्यावर पसरले तर वेगळे दिसत नव्हते. मी बाईंना सगळं करून दाखवलं आणि मग म्हटलं, काकांना आणूया का?

बाई तयार नव्हत्या. आज नको, आंघोळ झालेली नाही, दमतील, असं काय काय सांगायला लागल्या. सुलभा म्हणाली, "बाई, ओलं झालं तर मी इथेच बदलून दाखवते. झालेलंच बरं."

आम्ही आत गेलो. काका उंच होते, बारीक झालेले, अंगात स्वच्छ बनियन. मी नमस्कार करून माझं नाव सांगितलं आणि सोफा बघायला चला म्हटलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बाई, असं आम्ही त्यांना उठवलं. बारा-पंधरा पावलांना बराच वेळ लागला. खिडकीजवळच्या सीटवर त्यांना बसवलं. त्यांनी चांगला हात सीटवर फिरवला, पाठ टेकली आणि बाहेर बघत राहिले.

"समोरचा गुलमोहर कुठे गेला?" त्यांनी विचारलं. शब्द अडखळत होते, पण स्पष्ट होते.

बाई म्हणाल्या की मागच्या पावसाळ्यात पडला, म्युनिसिपालटीने तोडून नेला.

"मला नाही सांगितलंस."

बाई उभ्याच होत्या, सोफ्याच्या मागे, हात पाठीच्या कडेवर. थोड्या वेळाने त्यांनी आत जाऊन पडायचं का विचारलं, तर काकांनी मान हलवून नाही म्हटलं आणि शेजारच्या सीटवर हळूच थोपटलं. बाई पुढून वळून आल्या आणि तिथे बसल्या. ते झाड कसं पडलं, कुठल्या बाजूला पडलं, कोणाची स्कूटर त्याखाली सापडली, हे त्या सुरुवातीपासून सांगायला लागल्या. सुलभा चहा टाकायला आत गेली. तिसरी सीट रिकामी होती, मी तिच्यावर बसलो.